पापनाशमचे कोठार

शास्त्रवाचन : उत्पत्ती ३९:१-६, ४१:४६-५७, ४७:१३-२६, लूक १४:२८-३०



तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम नावाचे एक गाव लागते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हे तालुक्याचे ठिकाण. सभोवार भाताची खाचरे, पाटाचे पाणी आणि नारळीची झाडे. गावाचे नाव ऐकताच ख्रिस्ती मनुष्याचे कान टवकारतात, कारण पापाचा नाश हा आपल्या विश्वासाच्या अगदी गाभ्याचा विषय आहे. पण आज मला त्या नावाविषयी नव्हे, तर त्या गावातील एका इमारतीविषयी आपल्याशी बोलावयाचे आहे. तिरुप्पालैत्तुरै येथील प्राचीन शिवमंदिराच्या आवारात विटांनी बांधलेले एक प्रचंड, गोलाकार, घुमटासारखे कोठार उभे आहे. तंजावरच्या नायक राजांच्या काळात, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते बांधले गेले, आणि त्यात ३,००० कलम धान्य मावत असे असे सांगतात. कलम हे त्या प्रांतातील धान्य मोजण्याचे जुने माप. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने ही वास्तू संरक्षित केलेली आहे.

देवळाचे शिखर पाहून मनुष्य वर पाहतो. कोठार पाहून मात्र तो हिशेब करू लागतो. हे धान्य कोणी मोजले? कोणत्या शेतातून किती आले, उंदरांनी किती खाल्ले, ओल किती लागली, कोणाला किती दिले, याची नोंद कोणी ठेवली? राजाने आज्ञा दिली असेल, गवंड्याने विटा रचल्या असतील. परंतु वर्षानुवर्षे ते कोठार भरते आणि रिते होते ठेवणारा कोणी कारभारी तेथे असलाच पाहिजे. त्याचे नाव कोठेही कोरलेले नाही. आजच्या भाषेत त्याच्या विद्येला आपण व्यवस्थापन म्हणतो, आणि ती विद्या शिकण्यासाठी आपल्या मंडळ्यांतील कितीतरी नोकरदार बंधुभगिनी दिवसभराचे काम आटोपून रात्री पुस्तके उघडून बसतात. हा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या घरच्या माणसांसाठीही.

ही वाट आपल्या देशात काही आजची नाही. जमशेदपूरला येशूसंघीयांनी १९४९ साली झेवियर संस्था काढली, तेव्हा पोलादाच्या कारखान्यातील मालक आणि मजूर यांच्यामधील संबंध हाच तिच्या अभ्यासाचा आरंभ होता. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ सालची. कचेरीतून सुटलेली माणसे चर्चगेटला उतरून तिच्या संध्याकाळच्या वर्गांना जात असत. मद्रासची लोयोला व्यवस्थापन संस्था १९७९ साली उभी राहिली. त्याच वर्षी, पापनाशमपासून फार दूर नसलेल्या चिदंबरमच्या अण्णामलै विद्यापीठाने दूरशिक्षण सुरू केले. पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९८७ साली आपले पहिले दोन अभ्यासक्रम सुरू केले, त्यांपैकी एक व्यवस्थापनाची पदविका हाच होता. त्या वर्षी दोन्ही मिळून ४,५२८ विद्यार्थी दाखल झाले. तालुक्याच्या गावातील बँकेचा कारकून, रेल्वेचा बाबू, मिशन रुग्णालयातील परिचारिका, साखर कारखान्याचा पर्यवेक्षक यांना नोकरी न सोडता पदव्युत्तर शिक्षणाचे दार उघडले ते प्रामुख्याने अशा संस्थांमुळे.

आता देवशब्दाकडे वळू या. योसेफाला आपण स्वप्नांचा उलगडा करणारा म्हणून ओळखतो. रविवारच्या शाळेत त्याचा रंगीबेरंगी झगा मुलांना फार आवडतो. परंतु फारोने त्याला मिसर देशावर नेमले ते केवळ स्वप्नाचा अर्थ सांगितल्याबद्दल नव्हे. अर्थ सांगून योसेफ थांबला नाही; त्याने लगेच योजना मांडली. सुकाळाच्या सात वर्षांत उत्पन्नाचा पाचवा हिस्सा राखावा, त्यासाठी देशभर अधिकारी नेमावेत, आणि धान्य नगरोनगरी साठवावे. ही योजना तुरुंगातून नुकत्याच बाहेर आलेल्या तरुणाला कोठून सुचली? शास्त्रलेख त्याचे वय दोनदा सांगतो. भावांची मेंढरे राखीत होता तेव्हा तो सतरा वर्षांचा होता (उत्पत्ती ३७:२), आणि फारोपुढे उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा (४१:४६). मधली तेरा वर्षे तो काय करीत होता? पोटीफराच्या घराचा सर्व कारभार त्याच्या हाती होता. पुढे बंदिशाळेच्या अधिकाऱ्यानेही सर्व कैदी त्याच्या स्वाधीन केले. म्हणजे तो चाकरी करीत होता आणि चाकरी करता करता शिकत होता. परक्याच्या घरात हिशेब ठेवणे, माणसांकडून काम करून घेणे, कोणाला काय हवे ते चेहऱ्यावरून ओळखणे (तुरुंगातील त्या दोन सेवकांचे उतरलेले चेहरे त्याने सकाळीच पाहिले होते!) हे सारे त्याचे शिक्षण होते. ते तेरा वर्षे चालले आणि त्याचे प्रमाणपत्र त्याला कोणी दिले नाही.

प्रिय वाचका, तू दिवसा काम करून रात्री शिकतोस तेव्हा तुला पूर्णवेळ विद्यार्थ्यापेक्षा कमी मिळते असे समजू नकोस. पुस्तकातील प्रकरण तू सोमवारी वाचतोस आणि मंगळवारी तेच प्रकरण तुझ्या कचेरीत, तुझ्या टेबलासमोर, रागावलेल्या ग्राहकाच्या रूपाने उभे राहते. तेविसाव्या वर्षी हुशार मुलाला जे पाठ करावे लागते, ते चाळिसाव्या वर्षी तुला आठवावे लागते. आपल्या पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. केडगावच्या मुक्ती मिशनचा तो अफाट संसार, दुष्काळातून आलेल्या शेकडो मुलींचे अन्नवस्त्र, छापखाना, शेती, विहिरी हे सारे सांभाळीत असता त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून त्यांनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्यांचे देहावसान झाले. भाषांतर छापून बाहेर आले ते १९२४ साली. ज्यांना नोकरीमुळे अभ्यासाला वेळ नाही असे वाटते त्यांनी एकदा मुक्ती मिशनच्या दिनक्रमाची कल्पना करून पाहावी.

एवढे उत्तेजन दिल्यावर आता किमतीचे बोलले पाहिजे. प्रभू येशूने बुरूज बांधणाऱ्याचा दाखला सांगितला तो खरे तर शिष्यत्वाच्या किमतीविषयी आहे, अभ्यासक्रमाविषयी नव्हे. ते मी विसरत नाही. पण आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, एवढे व्यावहारिक शहाणपण प्रभूने त्या दाखल्यात गृहीत धरलेच आहे. आणि खर्च म्हणजे केवळ शुल्क नव्हे, तरीही शुल्कापासून आरंभ करू. संस्थेला मान्यता आहे की नाही हे पैसे भरण्यापूर्वी पाहा. सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी दिलेल्या निर्णयात काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मान्यतेवाचून दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्यांचा प्रश्न निकाली निघाला, आणि कित्येक वर्षांपूर्वी पदवी घेऊन, तिच्या बळावर बढत्या मिळवून बसलेली माणसे संकटात सापडली. ती गोष्ट अभियांत्रिकीची होती, पण पाया न पाहता बुरूज बांधणाऱ्यांचे दुःख कोणत्याही विषयात सारखेच. उलट, मान्यताप्राप्त विद्यापीठातून दूरशिक्षणाने घेतलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या तोडीची मानली जाईल असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. तेव्हा भिण्याचे कारण नाही. चौकशी करण्याचे मात्र आहे.

यापेक्षा मोठा खर्च घरात होतो आणि तो कोणत्याही पावतीवर छापलेला नसतो. दोन-तीन वर्षे रोज रात्रीचे दोन तास म्हणजे कोणाचे तास? ते तास यापूर्वी रिकामे नव्हते. त्यांत मुलीचा गृहपाठ होता, आईच्या गुडघ्यांना तेल चोळणे होते, कौटुंबिक प्रार्थना होती, पत्नीशी दोन शब्द बोलणे होते. आपण ते तास घेतले, तर ते कोणाकडून तरी घेतले. मागून घेतले असतील तर ते घरच्यांचे दान आहे. न विचारता घेतले असतील तर त्याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे. आणि येथे एक स्पष्ट बोलतो, कोणाला राग आला तरी चालेल. ज्या घरात पती अभ्यास करतो तेथे चहा टेबलावर येतो आणि मुलांना गप्प बसविले जाते. ज्या घरात पत्नी अभ्यास करते तेथे तिला भांडी घासून, ओटा पुसून, सर्वांची पांघरुणे नीट करून मग पुस्तक उघडावे लागते, आणि तेव्हा अकरा वाजलेले असतात. आपल्या मंडळ्यांतील कितीतरी शिक्षिका आणि परिचारिका या रीतीने शिकल्या. त्यांच्या पदवीदानाच्या छायाचित्रात पतिराज अभिमानाने शेजारी उभे असतात. तो अभिमान खरा करण्याचा मार्ग स्वयंपाकघरातून जातो. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला तंबू करण्याचा धंदा दोघे मिळून करीत, आणि अपुल्लोसाला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगण्याचे कामही दोघांनी मिळूनच केले. त्या घरात भांडी कोण घाशी ते प्रेषितांची कृत्ये सांगत नाही; पण एकट्या प्रिस्किल्लेने घासली असतील असे मला वाटत नाही.

मग रविवारचा प्रश्न. नोकरदारांचे संपर्कवर्ग बहुधा शनिवारी-रविवारी असतात, कारण त्या दिवशी महाविद्यालयाची इमारत रिकामी असते आणि विद्यार्थीही मोकळे असतात. इतर समाजबांधवांना त्यात अडचण वाटत नाही. आपल्याला वाटते, आणि वाटलीच पाहिजे. काही पाळक या बाबतीत फार कठोर बोलतात. रविवारी वर्गाला गेलेला मनुष्य जणू मंडळीतून उठून गेला असे त्यांना वाटते. शब्बाथ मनुष्यासाठी केला गेला हे प्रभूचे शिक्षण अशा वेळी आठवावे. शब्बाथ दिवशी बैल विहिरीत पडला तर त्याला कोण बाहेर काढणार नाही, असेही प्रभूने विचारले आहे. तेव्हा परीक्षेच्या रविवारी किंवा महत्त्वाच्या सत्राच्या रविवारी विद्यार्थी मंदिरात दिसला नाही तर त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहू नये. परंतु विद्यार्थ्यालाही एक विचारतो. बैल वर्षातून एकदा विहिरीत पडला तर ती अडचण. दर रविवारी पडू लागला तर विहिरीला कठडा बांधायला नको का? सकाळची सात वाजताची उपासना जवळपास कोठे आहे का, शनिवारच्या तुकडीत नाव घालता येईल का, संध्याकाळच्या प्रार्थनासभेला जाता येईल का, याची चौकशी प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी करावी. तीन वर्षे उपासनेवाचून राहिलेला मनुष्य चौथ्या वर्षी आपोआप परत येतो, असे माझ्या पाहण्यात फारसे आलेले नाही. अभ्यास संपतो, पण रविवारची झोप उरते.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत घरी बसून लिहावयाचे स्वाध्याय असतात आणि शेवटी एक प्रकल्प-अहवाल असतो. आपल्या कचेरीतील किंवा कारखान्यातील एखादा खरा प्रश्न घ्यावा, माहिती गोळा करावी, विचार करावा आणि लिहावे, असा त्याचा हेतू. कित्येक शहरांत हे सारे तयार मिळते. सोडविलेले स्वाध्याय मिळतात, बांधलेला अहवाल मिळतो, फक्त पहिल्या पानावर आपले नाव घालावयाचे. विकणारा त्याला अपराध मानीत नाही, घेणाराही मानीत नाही. सगळेच करतात, असे म्हणतात. ख्रिस्ती विद्यार्थीही करतात. आपण हे एकमेकांपासून लपवू नये.

योसेफाची कसोटी कोठे झाली ते पाहा. उत्पत्ती ३९:११ मुद्दाम सांगते की त्या दिवशी घरातील माणसांपैकी कोणीही आत नव्हते. पर्यवेक्षक नसलेली परीक्षा तीच. स्वाध्यायही तसाच असतो. आपण, कागद आणि रात्र, चौथे कोणी नाही. जो मनुष्य व्यवस्थापनाची पदवी दुसऱ्याने लिहिलेल्या अहवालावर घेतो, तो उद्या गोदामातील साठ्याची नोंद कशी तपासणार? त्याला एकच विद्या खरोखर अवगत झालेली असते, ती म्हणजे कागद बरोबर दिसले की पुरे.

आणि येथे मला पापनाशमच्या मुलखातीलच एक घडलेली हकीकत आपल्यापुढे ठेवावयाची आहे. ख्रिस्तियन फ्रीडरिख श्वार्ट्झ हे जर्मन लूथरन मिशनरी १७५० साली तरंगमबाडीला उतरले. ते तमिळ शिकले. पुढे फार्सी शिकले. तंजावरच्या भोसले राजघराण्याच्या दरबारात बोलता यावे म्हणून आपली मराठीही शिकले. काम करता करता शिकण्याचा हा आणखी एक नमुना, आणि आपल्या भाषेचा मान वाढविणारा. १७८० साली हैदरअलीची कर्नाटकावर स्वारी झाली आणि पुढे तंजावरचा मुलूख उद्ध्वस्त झाला. शेते ओस पडली, पाट फुटले, दुष्काळ पडला. श्वार्ट्झ यांनी संकट ओळखून भाव उतरलेले असतानाच भात विकत घेऊन ठेवले होते. त्या साठ्यावर त्यांनी कित्येक महिने उपाशी माणसे जगविली. योसेफाचा अध्याय त्यांनी नीट वाचलेला होता, असेच म्हणावे लागेल.

परंतु अधिक विचार करण्याजोगे पुढेच आहे. तंजावरच्या किल्ल्यात लोक उपासमारीने मरत होते आणि बाहेरच्या खेड्यांत अजून धान्य होते. ते आत आणण्यासाठी बैल हवे होते, आणि बैल शेतकऱ्यांकडे होते. शेतकरी मात्र यायला तयार नव्हते. का? तर यापूर्वी त्यांचे धान्य आणि बैल घेतले गेले होते आणि मोबदला मिळाला नव्हता. तुळजाजी राजांच्या सरकारचा शब्द चालेना, इंग्रज अधिकाऱ्यांचाही चालेना. तेव्हा राजांनीच सुचविले की श्वार्ट्झ यांच्यावर लोक विश्वास ठेवतात का ते पाहावे. श्वार्ट्झ यांनी शब्द दिला की पैसे मी स्वतः तुमच्या हातात देईन. दोन-तीन दिवसांत सुमारे १,००० बैल जमा झाले आणि ८०,००० कलम धान्य किल्ल्यात आले. पापनाशमच्या कोठाराची जी क्षमता सांगतात, तिच्याशी हा आकडा ताडून पाहा. तसली सव्वीस कोठारे भरून थोडे उरावे इतके ते धान्य! पुढे श्वार्ट्झ यांनी प्रत्येकाचा मोबदला चुकता केला.

मला सांगा, त्या दिवशी तंजावरात कशाची टंचाई होती? धान्य होते, बैल होते, पैसाही उभा करता आला असता. सरकारजवळ लेखनिक होते, वह्या होत्या, आपल्या मोडी लिपीतील सुबक हिशेब होते. टंचाई होती ती पत या एका वस्तूची. ती कोठून आली हे श्वार्ट्झ यांच्या चरित्रात शोधू गेले तर एखादा मोठा चमत्कार सापडत नाही. तीस वर्षे लहानसहान देणी वेळेवर चुकविली, बोलले तसे वागले, कोणाचे काही घेतले नाही, एवढेच सापडते. ज्या स्वाध्यायाला अवघे थोडे गुण असतात तो स्वतः लिहिणे हे असल्याच लहान देण्यांपैकी एक आहे.

श्वार्ट्झ यांची गोष्ट मी फार सोवळी करून सांगू इच्छीत नाही. त्यांच्यावरील विश्वासाचा उपयोग ईस्ट इंडिया कंपनीनेही करून घेतला. १७७९ साली हैदरअलीकडे श्रीरंगपट्टणला बोलणी करण्यासाठी त्यांनाच पाठविले गेले. १७९८ साली ते वारले, आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने त्यांचे मानसपुत्र म्हणावेत अशा सरफोजी राजांकडे किल्ल्यापुरतीच सत्ता राहिली. सज्जन कारभाऱ्याची पत दुसऱ्या कोणाच्या तरी व्यापारात खर्च होऊ शकते. नोकरदार वाचकहो, हे वाक्य आपण आपल्या कंपनीच्या संदर्भातही वाचून पाहा.

कारण योसेफाच्या बाबतीतही तेच झाले. आपण उपदेशक मंडळी ४१व्या अध्यायावर पुष्कळ बोलतो आणि ४७व्यावर क्वचितच. दुष्काळ लांबला तेव्हा लोकांनी पैसे देऊन धान्य घेतले. पैसे संपले तेव्हा गुरेढोरे दिली. गुरे संपली तेव्हा जमिनी दिल्या आणि स्वतःला फारोचे दास करून दिले. लोक जगले, त्यांनी योसेफाचे उपकारही मानले. पण सारी भूमी फारोची झाली आणि पाचवा हिस्सा कायमचा द्यावा लागला. (याजकांच्या जमिनी मात्र सुटल्या, असे तेथे लिहिले आहे. आम्हा पाळकवर्गाने ते वचन जरा खाली मान घालून वाचावे.) नंतर योसेफाला न ओळखणारा राजा आला, आणि त्याने योसेफाच्याच वंशजांना वेठीस धरून काय बांधून घेतले? पिथोम आणि रामसेस ही कोठारांची नगरे. पितरांनी ज्या विद्येने देश वाचविला, तिच्याच भिंतीखाली लेकरे चिरडली गेली. याचा दोष योसेफावर किती ठेवावा याविषयी शास्त्र शिकणाऱ्यांत मतभेद आहेत. माझे स्वतःचे मत असे की त्याने जीव वाचविले हे देवाचे काम होते, आणि जमिनी फारोच्या नावे केल्या हे फारोचे. एकाच कर्तबगार माणसाने ही दोन्ही कामे एकाच वहीत लिहिली, आणि त्याला दोहोंतला फरक जाणवला असेल अशी खूण त्या अध्यायात मला दिसत नाही.

म्हणून, वाचका, तू जी विद्या शिकत आहेस तिच्याकडे पुन्हा पाहा. कमी माणसांत अधिक काम कसे करून घ्यावे हे ती शिकविते. त्या वाक्यातील कमी झालेली माणसे कोठे जातात हे तुझ्या पाठ्यपुस्तकात एखाद्या परिच्छेदापुरतेच असेल. ग्राहकाला कर्ज घेण्यास प्रवृत्त कसे करावे हे ती शिकविते. तो ते फेडू शकणार नाही हे तुला दिसत असताना काय करावे, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. तो प्रश्न तुझ्या टेबलावर येतो. कंत्राटी कामगारांच्या यादीवर सही करताना, वसुलीचे उद्दिष्ट ठरविताना, एखाद्या हाताखालच्या माणसाचा वार्षिक अहवाल लिहिताना तो येतो. लूकच्या १२व्या अध्यायातील धनवान मनुष्याची योजना व्यवस्थापनाच्या दृष्टीने मुळीच चुकीची नव्हती. पीक वाढले, जागा अपुरी पडली, त्याने मोठी कोठारे बांधण्याचे ठरविले. कोणताही परीक्षक त्याला गुण देईल. पण तो सारा वेळ स्वतःशीच बोलतो. त्याच्या योजनेत शेतात राबणारे नाहीत, शेजारी नाही, भुकेला नाही, देवही नाही.

बढतीची इच्छा धरणे पाप आहे असे मी म्हणत नाही. मुलांचे शिक्षण आहे, घराचे हप्ते आहेत, आणि कमी शिकलेल्या साहेबाच्या हाताखाली आयुष्य काढण्याचा कंटाळाही मनुष्यस्वभावातच आहे. देवाने दिलेली बुद्धी गाडून ठेवणाऱ्या दासाची कशी कानउघाडणी झाली ते आपण जाणतो. फक्त, पदवी हाती आल्यावर तुझ्या हाताखाली जी पाच-पंचवीस माणसे येणार आहेत, त्यांना तू शिकलास याचा आनंद होईल की भीती वाटेल, हे आजच विचारून ठेव. नंतर विचारणारे कोणी भेटत नाही. मोशेला इथ्रोने काम वाटून देण्यास सांगितले तेव्हा कोणत्या प्रकारची माणसे निवडावी हेही सांगितले होते. देवाचे भय बाळगणारी आणि लाचेचा तिटकारा असणारी माणसे हवी होती. इथ्रोच्या यादीत कर्तबगारी आहे, पण तिच्याबरोबर या गोष्टीही आहेत.

शेवटी दोन शब्द मंडळीच्या पंचांना. आपल्या बहुतेक मंदिरांशेजारी एक सभागृह असते. रविवारची शाळा, एखादे लग्न, नाताळचा कार्यक्रम सोडला तर आठवड्यातील सहा दिवस त्याला कुलूप असते. आपल्याच मंडळीतील तरुण मात्र एका खोलीच्या घरात, दूरदर्शन संचाच्या आवाजात, भावंडांच्या मध्ये बसून अर्थशास्त्र वाचण्याचा प्रयत्न करीत असतो. संध्याकाळी सात ते दहा ते सभागृह उघडावे. चार लांब टेबले, दोन पंखे, बरे दिवे आणि पिण्याचे पाणी एवढे पुरे. विजेचे बिल किती येईल ते मंडळीत खजिनदारी करणाऱ्या एखाद्या बँकवाल्या बंधूला बसवून काढून घ्यावे. किल्ली कोणाकडे राहील हे ठरवावे, आणि अभ्यासाला येणारा शेजारचा मुलगा ख्रिस्ती नसला तरी त्याला जागा द्यावी. तंजावरच्या किल्ल्यात धान्य वाटताना श्वार्ट्झ यांनी कोणाचा धर्म विचारला नव्हता. मुली येणार असतील तर त्यांना घरी पोचविण्याची व्यवस्था आधी करावी. हे काम जून महिन्यापूर्वी, नवे प्रवेश सुरू होण्याच्या आत झाले तर बरे.